गाल फुगवा, साहेब

वृद्धनिवासाच्या मागच्या व्हरांड्यात उस्तादचं दुकान थाटलं जायचं. दुकान म्हणजे काय, तर जेवणघरातून ओढून आणलेली हाताची खुर्ची, मान टेकायला तिच्या पाठीला बांधलेली उशी, आणि खिडकीच्या गजाला अडकवलेला आरसा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या सकाळी, तो आपली कातडी पेटी घेऊन यायचा. मग इथले म्हातारे एकेक करून त्याच्या हाताखालून जायचे. कुणाच्या डोक्यावर कापण्यासारखं काहीच उरलेलं नसायचं, तरी ते येऊन बसायचे. आठवडाभरात आपल्या तोंडाला मायेने हात लावणारं दुसरं कोण होतं त्यांना!

उस्ताद हे त्याचं नाव नव्हे. ते वकीलसाहेबांनी ठेवलेलं. आणि वकीलसाहेब तरी कुठले वकील! जन्मभर कोर्टात टायपिस्ट होते. लोकांची भांडणं टाइप करता करता बोटं झिजली, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःची भांडणं करायला मोकळे झाले. चहा कोमट का, व्हरांड्यातला पंखा करकरतो का, बागेतला बाक नेमका उन्हातच का, अशा एकेका प्रश्नावर ते मुद्देसूद बाजू मांडायचे आणि समोरचा कंटाळून उठून गेला की आपण जिंकलो असं धरून चालायचे. म्हणून सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणायला लागले. त्यांनीही कधी आक्षेप घेतला नाही, एरवी आक्षेप घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दाढी मात्र त्यांना वस्तऱ्यानेच लागायची. तीही दोनदा साबण लावून, उलट्या हातानेसुद्धा फिरवून, अगदी तुळतुळीत. यंत्राचं नाव काढलं की ते म्हणायचे, "त्याने लोक लॉन कापतात, उस्ताद. माझं तोंड म्हणजे काय बागेचा कोपरा आहे?" दाढी झाली की ते आरशात डावीकडून बघायचे, उजवीकडून बघायचे, हनुवटी वर करून बघायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "निकाल राखून ठेवण्यात येत आहे." इतक्या वर्षांत कधी चांगली झाली म्हणून सांगितलं नाही. उस्तादला ते वाक्य ऐकल्याशिवाय पेटी बंद करवत नसे.

खरं सांगायचं तर गरज दोन्ही बाजूंनी होती. रस्त्यावरच्या उस्तादच्या दुकानात आता वस्तऱ्याला कुणी विचारत नव्हतं. तरुण पोरं यायची, वाढवलेली दाढी कोरून द्यायला सांगायची, तीही यंत्राने, आणि मान खाली घालून मोबाइल बघत बसायची. गाल ताणून धरावा, पात्याखाली केसाचा कुरकुर आवाज ऐकावा, हात हलका ठेवावा, हे ज्या कामासाठी तो शिकला ते काम त्याच्याकडे एकाच माणसाने शिल्लक ठेवलं होतं. त्या एका तोंडावर त्याची सगळी उस्तादी टिकून होती, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एका सकाळी हनुवटीखाली वस्तरा लागला. लागला म्हणजे किती, तर तांदळाच्या कणीएवढा. एरवी तुरटी फिरवली की विषय संपला. पण या वेळी तुरटी विरघळून गेली, कापूस भिजला, टॉवेलाचं टोक लाल झालं, तरी रक्त आपलं येतच राहिलं. वकीलसाहेब मजेत होते. "माझा खून झालाय आणि खुनी समोर उभा आहे, पंचनामा करा," असं काहीतरी बोलत होते. उस्ताद मात्र नवा कापूस शोधत पेटी उपसत होता. तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या.

मोठ्या सिस्टर म्हणजे या घराच्या कर्त्या. बोलायला तिखट, पण कुणाला कुठल्या कुशीवर झोप लागते हेसुद्धा त्यांना माहीत. त्यांनी जखम दाबून धरली, ती बराच वेळ धरूनच ठेवली, आणि दुसऱ्या हाताने उस्तादची बोटं ओढून वकीलसाहेबांच्या मनगटावर टेकवली.

"काय लागतंय बघा."

उस्तादने बघितलं. नाडी धड चालत नव्हती. दोन ठोके घाईने पडले, मग एक हुकला, मग तीन एकावर एक आले, मग परत शांत. त्याला वाटलं आपलीच बोटं चुकली.

"असंच असतं त्यांचं," सिस्टर म्हणाल्या. "हृदयाचा वरचा कप्पा नीट आवळत नाही, नुसता थरथरतो. मग रक्त तिथे रेंगाळतं, आणि रेंगाळलं की साकळतं. त्यातली एखादी बारीक गुठळी सुटून मेंदूत जाऊन अडकली की झालं. तोंड वाकडं, हातपाय लुळे, बोलणं बंद. तसं होऊ नये म्हणून रोज रात्रीच्या जेवणानंतर त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी असते. गोळी आहे म्हणून हे असं बडबडतायत. पण गोळी आहे म्हणूनच कापलं की रक्त लवकर थांबत नाही. तेव्हा पुढच्या वेळेपासून यंत्र."

"हरकत आहे," वकीलसाहेब टॉवेलाखालून म्हणाले.

"हरकत फेटाळली."

बरीच घासाघीस झाली. शेवटी सिस्टरनीच माघार घेतली, पण पूर्ण नाही. एक संधी देते, म्हणाल्या. परत रक्त दिसलं की वस्तरा बंद. आणि यंत्र उस्तादना जमत नसेल तर दुसरा माणूस बघावा लागेल, नाइलाज आहे.

त्या गेल्यावर दोघंही शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे बसून राहिले. मग उस्ताद बोलला. पुढे कित्येक दिवस त्याला वाटत राहिलं की त्या क्षणी आपल्याला ठसका लागला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "साहेब, माझ्या सासूबाईंनाही असलीच गोळी आहे. दात काढायच्या आधी डॉक्टरांनीच त्यांना ती थोडी बंद ठेवायला सांगितली होती. दात काढून झाला की पुन्हा सुरू. काही झालं नाही त्यांना. मग दाढीच्या आदल्या रात्रीची एक गोळी राहिली तर..."

वकीलसाहेबांनी डोळे बारीक केले. "म्हणजे दात एकदा काढतात आणि दाढी दर आठवड्याला करतात, एवढाच काय तो फरक."

"एवढाच," उस्ताद म्हणाला आणि दोघंही हसले. फरक किती मोठा आहे हे वकीलसाहेब स्वतःच्या तोंडाने बोलून गेले होते, पण ऐकलं दोघांपैकी कुणीच नाही.

झालं, ठरलं. दाढीच्या आदल्या रात्री वकीलसाहेब गोळी तोंडात टाकायचे, ती जिभेने उजव्या गालात सारायचे, वर घोटभर पाणी प्यायचे आणि सिस्टरना "आभारी आहे" म्हणायचे. खरं तर इथेच सिस्टरना संशय यायला हवा होता, कारण हा गृहस्थ कधी कुणाचे आभार मानत नसे. पण ट्रे घेऊन त्यांना अजून किती खोल्या फिरायच्या असायच्या. त्या तक्त्यावर खूण करून पुढे जायच्या. सकाळी कागदी रुमालात गुंडाळलेली गोळी उस्तादच्या हातात यायची. "पुरावा नष्ट करा," असा हुकूम सुटायचा, आणि साबणाच्या पाण्याबरोबर ती मोरीत जायची. उस्तादला ही एक गंमतच वाटायची. घरी जाऊन त्याने बायकोलाही हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. "तुम्ही डॉक्टर कधीपासून झालात?" एवढंच म्हणाली आणि पुढे आठवडाभर तो तिच्यापुढे हा विषय काढायला धजला नाही.

मग एकदा, आदल्या रात्रीची गोळी चुकवूनसुद्धा, कानाच्या पाळीखाली बारीकसं लागलं. रक्त थांबायला पुन्हा वेळ लागला. दोघांनी मिळून ते टॉवेलाखाली दाबून धरलं. सिस्टर दारातून डोकावून गेल्या तेव्हा वकीलसाहेब पंख्याची तक्रार इतक्या हिरिरीने करत होते की त्या तिथूनच परत फिरल्या. थोडक्यात वाचलो, असं उस्तादला वाटलं.

"एक पुरत नाही वाटतं," वकीलसाहेब आरशात बघत म्हणाले. "पुढच्या वेळी लेक येणार आहे माझी. तिच्यासमोर मला ओरखडा नको. आणि तुझी ही खुर्चीही जायला नको. मी बघतो काय करायचं ते."

काय बघणार, हे उस्तादने विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पुढच्या आठवड्याची ती सकाळ छान उन्हाची होती. वकीलसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून आधीच खुर्चीत येऊन बसले होते. लेक दुपारपर्यंत पोचणार होती. उस्तादने टॉवेल गुंडाळला, त्यांनी नेहमीसारखा कागदी रुमाल पुढे केला. हाताला तो जरा फुगीर लागला, पण उस्तादचं लक्ष पाणी गरम आहे की नाही तिकडे होतं. त्याने तो तसाच एप्रनच्या खिशात कोंबला.

साबण लावून झाला. वकीलसाहेबांचं पंखापुराण चालू होतं. या पंख्यावर आता खटलाच भरतो, आवाज हा एक आरोप, वारा न देणं हा दुसरा, असं ते सांगत होते. डावा गाल झाला. उस्तादने वस्तरा पुसला, त्यांची मान हलकेच वळवली आणि रोजच्या सवयीने म्हणाला, "गाल फुगवा, साहेब."

त्यांनी फुगवला. डावा गाल चेंडूसारखा वर आला. उजवा आला नाही. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून फुस्स करून हवा निघाली आणि साबणाचा एक बुडबुडा फुटला.

"मस्करी नको, साहेब. हातात वस्तरा आहे. फुगवा नीट."

परत तेच झालं. पुन्हा हवा निसटली, आणि तिच्यामागून लाळेची तार खाली आली. उस्तादने अंगठ्याने तो गाल वर ओढला. इतकी वर्षं या गालाचा ताण त्याच्या बोटांना पाठ होता. आज तो ओल्या फडक्यासारखा हातात आला. त्याने आरशात बघितलं. आरशातले डोळे त्याच्याकडेच बघत होते आणि त्यांत मस्करी नव्हती.

"पं..." वकीलसाहेब म्हणाले. "पं... टा... टा..." खुर्चीच्या हातावरचा उजवा हात घसरून खाली लोंबला.

वस्तरा फरशीवर पडल्याचा आवाज उस्तादला नंतर कधीतरी आठवला. तेव्हा तो फक्त ओरडत होता, "सिस्टर! सिस्टर!" आणि खाली घसरत चाललेल्या माणसाला दोन्ही हातांनी धरून ठेवत होता.

मोठ्या सिस्टर धावत आल्या. त्यांनी प्रश्न विचारले ते अगदी साधे. हसा बघू, साहेब. दोन्ही हात वर करा. माझं नाव सांगा. यातलं काहीच झालं नाही. मग त्या उस्तादकडे वळल्या. "शेवटचं नीट कधी बोलले?"

"आत्ता. हा गाल करत होतो तेव्हा. पंख्याबद्दल बोलत होते."

"म्हणजे वेळ आहे अजून," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि फोनकडे धावल्या.

रुग्णवाहिका लवकर आली. स्ट्रेचर व्हरांड्यातच आणलं. गाडीबरोबर आलेल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या पण हात झपाट्याने चालत होते. त्यांनी विचारलं, "औषधं काय चालू आहेत?"

"नाडी अनियमित आहे, त्यासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी," सिस्टर म्हणाल्या. "नियमित. काल रात्रीची मी माझ्या हाताने दिली."

डॉक्टरीणबाईंचा हात क्षणभर थांबला. "अरेरे. मग इंजेक्शनचं अवघड दिसतंय."

"कसलं इंजेक्शन?" उस्तादने विचारलं.

"गुठळी विरघळवायचं. लवकर दिलं तर पुष्कळ फरक पडतो, काहीजण तर चालत घरी जातात. पण रक्त आधीच पातळ असेल तर ते देता येत नाही. मेंदूत रक्तस्राव होतो. बाजूला व्हा जरा."

तो बाजूला झाला. त्याचा हात एप्रनच्या खिशात होता, कागदी रुमालावर. बोल, असं तो स्वतःला म्हणत होता. पण समोर सिस्टर उभ्या होत्या, "माझ्या हाताने दिली" म्हणणाऱ्या, आणि त्यांना सगळ्यांदेखत खोटं पाडायचं होतं. शिवाय बोललं की स्वतःचं बिंगही फुटणार होतं. एक रात्र चुकली, एवढ्याने काय फरक पडणार, असं त्याने मनाशी म्हटलं. माणूस घाबरला की हिशेबही भित्रे करतो. दार लागलं आणि गाडी फाटकाबाहेर गेली. सिस्टरही आत बसून गेल्या.

व्हरांड्यात खुर्ची राहिली, खाली पडलेला वस्तरा राहिला, आणि साबणाच्या पाण्याचं भांडं राहिलं. नंबर लावून बसलेले दोन म्हातारे भिंतीला टेकून उभे होते. त्यातला एक म्हणाला, "गेले काय रे?" उस्तादने खिशातून रुमाल काढून उघडला.

आत एक गोळी नव्हती. आठवड्याच्या सगळ्या होत्या. काही गालात थोड्या विरघळून चिकटल्या होत्या, काही कोरड्या होत्या. वकीलसाहेबांनी आठवडाभर, रोज रात्री, घोटभर पाणी पिऊन सिस्टरचे आभार मानले होते. लेकीसमोर ओरखडा नको म्हणून. आणि तुझी खुर्ची जायला नको म्हणून.

त्याच्या सांगण्यावरून निवासाच्या ऑफिसातल्या बाईंनी सिस्टरना फोन लावला. तो वाजत राहिला, त्यांचे हात कामात असणार. परत लावला, परत तेच. उस्ताद मग थांबला नाही. एप्रनसकट स्कूटरवर बसला. रस्त्यात कुणी शिव्या दिल्या, कुठे सिग्नल तोडला, त्याला काही कळलं नाही. एक वाक्य तेवढं तो हेल्मेटच्या आत पुन्हा पुन्हा म्हणत होता, म्हणजे तिथे पोचल्यावर जीभ मागे सरायला नको.

इस्पितळाच्या तातडीच्या विभागात पडद्यामागे वकीलसाहेब आडवे होते. डाव्या गालावर दाढी झालेली, उजव्या गालावर वाळलेला साबण. डोक्याचं स्कॅन नुकतंच झालं होतं. मोठे डॉक्टर सिस्टरना सांगत होते की रक्तस्राव नाही, गुठळीच आहे, पण गोळी काल रात्रीची आहे म्हटल्यावर आपले हात बांधलेले आहेत.

"काल रात्रीची घेतलेली नाही त्यांनी," उस्ताद म्हणाला. "कुठल्याच रात्रीची नाही. या आठवड्यातली एकही नाही." त्याने रुमाल टेबलावर उघडून ठेवला. "गालात धरून ठेवायचे आणि मला आणून द्यायचे. दाढी करताना रक्त येऊ नये म्हणून. मीच शिकवलं त्यांना."

मग डॉक्टर त्याच्या अगदी जवळ आले. "हे तुम्ही खात्रीने सांगताय? नीट विचार करा. तुमच्या शब्दावर मी इंजेक्शन दिलं आणि यातली एखादी जरी गोळी पोटात गेलेली निघाली, तर ते माझ्या हाताने जातील."

उस्तादला आपली खात्री पाण्यासारखी बोटांतून गळताना जाणवली. त्याने रोज रात्री थोडंच बघितलं होतं? त्याने सिस्टरकडे बघितलं. सिस्टर गोळ्यांवर वाकल्या होत्या. त्यांनी एकेक गोळी बोटाने बाजूला सारली आणि सरळ उभ्या राहिल्या.

"सगळ्या आहेत, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "एकही कमी नाही. मी दिल्या, पण गिळताना बघितलं नाही."

"रक्त पाठवा, तातडीने. आणि इंजेक्शन तयार ठेवा," डॉक्टरांनी मागे वळून सांगितलं आणि पडदा ओढला गेला.

बाहेरच्या बाकावर दोघं शेजारी बसले. रक्ताचा अहवाल आला, रक्तात गोळी नव्हती, इंजेक्शन दिलं गेलं, हे सगळं त्यांना येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळलं. सिस्टर बोलल्या त्याही त्याच्याकडे न बघता. "मी तुम्हाला त्यांची नाडी दाखवली होती, उस्ताद." त्यापेक्षा त्यांनी चारचौघांत कानाखाली वाजवली असती तर ती त्याला परवडली असती.

दुपारी लेक आली, सामानाची बॅग हातात घेऊन, थेट इस्पितळातच. तिला सगळं सांगावं लागलं, आणि ते उस्तादने स्वतः सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "दाढीसाठी?" आणि पुन्हा एकदा, जणू आधीचं नीट ऐकू आलं नव्हतं, "दाढीसाठी?"

वृद्धनिवासाने उस्तादला येऊ नको म्हणून कळवलं. सिस्टरची चौकशी झाली आणि त्यांचं मोठेपण काढून घेतलं. त्या तिथेच राहिल्या, पण आता दुसऱ्या कुणाच्या हाताखाली. हे कळलं तेव्हा उस्ताद दोन घास खाऊन ताटावरून उठला. बायकोनेही या वेळी टोमणा मारला नाही, त्यामुळे त्याला आणखीच वाईट वाटलं. दुकानात तो पोरांच्या दाढ्या कोरत राहिला. कुणी गाल फुगवला की त्याचा हात थांबायचा, दोन्ही गाल वर आले की पुढे चालायचा.

ऋतू पालटला तशी एका सकाळी लेक दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"बाबा परत निवासात आलेत," ती म्हणाली. "काठी घेऊन चार पावलं टाकतात. बोलणं नाही. एखादा शब्द येतो, तोही अर्धा. डॉक्टर म्हणतात इंजेक्शन मिळालं नसतं तर एवढंही नसतं. हे मी तुमचे आभार मानायला सांगत नाहीये."

"नाही, ताई."

"तोंडाला कुणाला हात लावू देत नाहीत. दोन माणसं बोलावली, दोघांना ढकलून दिलं. दाढी छातीपर्यंत येईल आता. मी तिथे सगळ्यांशी बोलले आहे. यंत्राने करणार असाल तर या."

"यंत्रानेच करेन," उस्ताद म्हणाला.

व्हरांड्यात तीच खुर्ची होती, तीच उशी. खुर्चीतला माणूस मात्र पांढऱ्या दाढीत बुडून गेला होता. उस्ताद समोर उभा राहिला तेव्हा त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. मग डावा हात उचलून त्याच्या एप्रनचं टोक धरलं आणि सोडलंच नाही. "पंखा अजून करकरतोच की, साहेब," एवढंच उस्ताद कसाबसा म्हणाला.

त्यांची गोळी आता डॉक्टरांनी बदलली होती, दिवसातून दोनदा होती. सकाळची नुकतीच देऊन झाली होती. नव्या सिस्टरनी समोर उभं राहून दिली होती, पाणी पाजलं होतं, आ करायला लावलं होतं. जुन्या मोठ्या सिस्टर, आता नुसत्या सिस्टर, दारापलीकडच्या खोलीत पलंगाची चादर बदलत होत्या. त्यांनी उस्तादकडे बघून मान हलवली. त्यात राग होता की नाही हे त्याला कळलं नाही.

त्याने यंत्र चालू केलं. वकीलसाहेबांनी हरकत घेतली नाही, आणि नेमकं तेच त्याला सोसवेना. डावी बाजू झाली. उजवीकडे आल्यावर तोंडातून शब्द सवयीनेच गेले, "गाल फुगवा, साहेब." डावा गाल वर आला. उजवा खाली लोंबत राहिला. जीभ चावावी असं उस्तादला झालं. ज्यांचे गाल बसलेले असतात अशा म्हाताऱ्यांसाठी त्याच्या धंद्यात एक जुनी युक्ती होती. हात स्वच्छ धुऊन एक बोट तोंडात घालायचं आणि गाल आतून ताणून धरायचा. त्याने हात धुतले, बोट घातलं आणि गाल बाहेर लोटला.

बोटाला काहीतरी लागलं. गालाच्या आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत, मऊ पडलेली, कडा झिजलेली, गोळी.

त्याने ती तळहातावर काढून धरली. वकीलसाहेबांनी खाली बघितलं. आधी त्यांना काही कळलं नाही. मग कळलं, आणि ते हादरले. "न..." ते म्हणाले. "न... न..." डावा हात हवेत जोरजोराने हलत होता. मान हलत होती. जन्मभर लोकांच्या बाजू टाइप केलेल्या आणि मग स्वतःची बाजू पोटतिडकीने मांडणाऱ्या त्या माणसाला आज एकच गोष्ट सांगायची होती, की मी लपवली नाही, मला कळलीच नाही, तो गाल माझा राहिलेला नाही. आणि त्यासाठी त्याच्याकडे एक अक्षर होतं. डोळ्यांतून पाणी वाहत दाढीत उतरत होतं.

"मला माहितीये, साहेब," उस्ताद म्हणाला. त्याने तो हलणारा हात दोन्ही हातांत धरला. "मला माहितीये. तुम्ही नाही केलं. मला माहितीये."

पण नव्या सिस्टर जवळ आल्या होत्या, आणि त्यांनी गोळीकडे बघितलं, मग वकीलसाहेबांकडे. त्यांना जुनी गोष्ट माहीत होती. सगळ्यांनाच माहीत होती. "परत सुरू झालं का यांचं?" त्या म्हणाल्या. या माणसाची आता कुणाला खात्री वाटणार नव्हती, आणि हे कुणामुळे झालं ते उस्तादपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार!

पलीकडून चादर तशीच टाकून जुन्या सिस्टर आल्या. "लपवलेली नाही ती," त्या म्हणाल्या. "त्या गालाला जाणच नाही. घासही तिथेच अडकतो त्यांचा. नुसतं आ करून दिसत नाही, बोट फिरवून बघावं लागतं." मग त्यांनी फोनवर डॉक्टरांना विचारलं, दुसरी गोळी आणली, ठसका लागू नये म्हणून पाणी जरा दाट करून आणलं. सगळ्यांच्या देखत ती गोळी जिभेवर ठेवली गेली. गळ्याचं हाड वर गेलं आणि खाली आलं.

"बघा," सिस्टर उस्तादला म्हणाल्या.

त्याने बोट घातलं. गालाच्या खोबणीतून ते मागपर्यंत सावकाश फिरवलं, जिभेखाली बघितलं, पुन्हा एकदा फिरवलं. काही नव्हतं. मग मागे सिस्टरनी ज्या मनगटावर बोटं ठेवायला लावली होती तिथे त्याने आपणहून बोटं ठेवली. दोन ठोके घाईने, एक हुकलेला, तीन एकावर एक. तसंच होतं सगळं.

"मी रोज सकाळी येत जाईन," तो म्हणाला. "दाढी आठवड्यालाच करेन. पण येईन रोज. दुकान उघडायच्या आधी."

"आणि संध्याकाळची?" नव्या सिस्टरनी विचारलं.

उस्तादने वकीलसाहेबांकडे बघितलं. अर्धी दाढी झालेली, अर्धी तशीच. ते त्याच्याकडेच बघत होते, तोंड अजून उघडं ठेवून, त्याचं तपासून झालं की नाही याची वाट बघत.

"झालं, साहेब," तो म्हणाला. "मिटा आता तोंड. संध्याकाळीही येईन."